पांढरी सायकल आणि वीरगळ

गावोगावचे वीरगळ पाहत हिंडण्याचा मला जुना नाद. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा आणि चंद्रसूर्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. कोण मेला, कोणी मारले, दगड सांगत नाही. त्यामुळे परदेशातल्या 'घोस्ट बाइक'विषयी वाचताना पहिला प्रश्न हाच पडला : ही खूण कोणाबद्दल बोलते?

या प्रथेची सुरुवात अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात, ऑक्टोबर २००३मध्ये झाली असे मानतात. मोटारीने सायकलस्वाराला उडवलेले तिथल्या एका रहिवाशाने पाहिले. त्याने एक सायकल पांढरी रंगवून त्याच जागी ठेवली आणि पाटी लावली : 'सायकलस्वाराला येथे धडक बसली.' मोटारवाल्यांवर परिणाम होतो आहे असे दिसल्यावर मित्रांच्या मदतीने त्याने आणखी पंधरा मोडक्या सायकली जागोजागी उभ्या केल्या. पाटीवर धडक होती, मृत्यू नव्हता. म्हणजे मुळात तो इशारा होता. २००५पर्यंत ही प्रथा न्यूयॉर्क आणि लंडनला पोचली आणि इशाऱ्याचे स्मारक झाले.

पांढरा रंग मात्र त्याहून जुना. १९६५मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या 'प्रोव्हो' या तरुणांच्या चळवळीने सर्वांसाठी मोफत पांढऱ्या सायकली रस्त्यावर ठेवल्या. कुलूप नाही म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. त्यांचीच आणखी एक योजना होती : ज्याच्या मोटारीखाली माणूस मरेल, त्याने स्वतः त्या मृतदेहाची बाह्यरेषा रस्त्यात कोरावी आणि ती पांढऱ्या चुन्याने भरावी. हे दोन पांढरे रंग थेट नात्यातले आहेत असे मी म्हणणार नाही. पण फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रोव्होंनी खूण करण्याचे काम मारणाऱ्यावर टाकले होते. घोस्ट बाइक मृताचे आप्त आणि मित्र रंगवतात. २०१०मध्ये न्यूयॉर्कच्या सफाई खात्याने बेवारस सायकलींबरोबर याही हटवण्याचा नियम मांडला, तेव्हा त्या वाचवायलाही याच लोकांना उभे राहावे लागले.

शाळेतला माझा एक सोबती सायकलवरून घरी जाताना ट्रकखाली गेला. त्या वळणावर आज दुभाजक आहे, जाहिरातीचा फलक आहे. त्याची खूण नाही. वीरगळ शोधत मी पन्नास कोस गेलो. त्या वळणावरून रोज जातो, तिथे मात्र कधी थांबलो नव्हतो.