काचपेटीतील रेती



ज्याचे आयुष्य मजुरी, बोनस आणि पाळीचे तंटे सोडविण्यात गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेत मासे पाळावयाच्या काचपेटीतील रेतीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण अर्धवट सुटले ते सुटलेच. पुढे जे वाचले ते वाचनालयाच्या बाकावर. परंतु रेतीशी माझा संबंध जुना आहे. भूमिगत खाणीतून कोळसा काढला की पोकळी उरते, ती आमच्या चंद्रपूर भागात नदीच्या रेतीने भरीत आले आहेत. पाण्याबरोबर नळातून रेती खाली सोडतात. पाणी निथळते, रेती बसते आणि वरचे छत तिच्यावर टेकते. खाणींतील आगी आणि छत ढासळण्याचे अपघात आटोक्यात यावेत म्हणून १९३९ साली या भरावाकरिता खास कायदाच झाला. रेतीत माती फार असली तर पाणी निथळत नाही, हे तेथे काम करणाऱ्या कोणासही विचारा. तेव्हा चांगली रेती कोणती, हा प्रश्न आम्हांला नवा नव्हता. निदान तसा आमचा समज होता.

सुमारे बावीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एका सभासदाने काचेची पेटी आणून ठेवली. रेती एका बंडीवाल्याने वर्धा नदीतून आणून दिली. आम्ही ती धुतली, नळाचे पाणी भरून दोन दिवस निवू दिले, आणि नागपुराहून आणलेले सहा सोनमासे सोडले. दहाव्या दिवशी सहाही मेले होते. सर्वांचे एकमत झाले की रेतीत विष होते. बंडीवाल्याचे पैसे द्यावयाचे राहिले होते, ते आम्ही अडवून ठेवले. पुढे त्याला कामही सांगितले नाही. पुराव्यावाचून कोणाला कामावरून काढू नये म्हणून ज्या टेबलाशी बसून मी अर्ज लिहीत असे, त्याच टेबलावर ती पेटी होती.

आता थोडे मागे जावयास हवे.

उन्हाळ्यात वैनगंगा, कठाणी, इंद्रावती यांच्या काठच्या गावांतून बाया कोरड्या पात्रात खड्डा उकरतात, त्याला झिरा म्हणतात. शेजारच्या डोहातले पाणी हिरवे, गढूळ असले तरी झिऱ्यात नितळ पाणी पाझरते. पहिले पाणी वाटीने उपसून टाकावयाचे आणि मागून आलेले भरावयाचे. ही रीत किती जुनी आहे कोण सांगणार! लंडन शहरात १८२९ साली जेम्स सिम्प्सन नावाच्या इंजिनिअराने चेल्सी येथे थेम्स नदीचे पाणी रेतीच्या थरांतून गाळून पुरविण्यास आरंभ केला, तेव्हा त्याला थोर शोध मानले गेले. आणि तो होताही. पण केवळ गाळ अडतो एवढीच त्या वेळची समजूत होती. १८९२ साली जर्मनीतील हँबर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे मेली. त्याला लागूनच आल्टोना हे शहर. ते त्याच एल्ब नदीचे, तेही हँबर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी घेत होते, परंतु रेतीतून गाळून. आल्टोना बचावले. तेव्हा रेती गाळाखेरीज आणखी काहीतरी अडविते, हे जगाला पटले.

काचपेटीचा इतिहास याच काळातला. लंडनचे एक रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली काचेच्या पात्रात तळाला रेती, गाळ व दगड घालून दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी पाने खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या, आणि पाणी न बदलता ते पात्र टिकले. १८५० साली त्यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहावयास मत्स्यगृह उघडले. वनस्पती प्राणवायू देते, मासा कर्बवायू देतो, असा हिशेब वॉरिंग्टननी मांडला. हिशेब खरा होता, पण त्यात एक रक्कम सुटली होती. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो, आणि तो माशालाच विषारी असतो. तो सगळा कोठे जात असे?

उत्तर १८७७ साली फ्रान्समध्ये मिळाले. श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी एका लांब नळीत रेती व चुनखडीची पूड भरली आणि तीतून गटाराचे पाणी अगदी हळू सोडले. वीस दिवस काहीच घडले नाही; जेवढा अमोनिया आत जाई तेवढाच बाहेर येई. मग तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट आले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले. म्हणजे काम करणारे कोणी सजीव होते! पुढे इंग्लंडातील रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात एका शास्त्रज्ञाने दाखविले की हे काम दोन टप्प्यांनी होते: अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्हींचे जंतू निराळे. त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. काचपेटीवाल्या वॉरिंग्टनचाच मुलगा! बापाच्या हिशेबातील सुटलेली रक्कम मुलाने भरून काढली, असे मला हे वाचताना वाटले. ते जंतू वेगळे करून दाखविणे मात्र १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञास साधले.

ते वीस दिवस वाचले आणि मी पुस्तक मिटले. आमचे मासे दहाव्या दिवशी मेले होते. धुतलेल्या कोऱ्या रेतीवर अजून त्या जंतूंची वस्ती बसली नव्हती. ती बसावयास चार ते सहा आठवडे लागतात, आणि आम्ही एकदम सहा मासे सोडून त्यांना रोज मूठभर खाऊ घालीत होतो.

मग रेती अगदीच निर्दोष म्हणावी का? उरलेल्या रेतीवर मी व्हिनेगर टाकून पाहिले. बहुतेक दाणे गप्प राहिले, पण काही पांढुरके खडे फसफसले. ती चुनखडी. वर्धा नदी सातपुड्यातून निघून काळ्या दगडाच्या मुलखातून येते. पैनगंगा तिला मिळते ती राजुरा-कोरपना-वणीकडच्या चुनखडकाच्या पट्ट्यातून, जेथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. असे खडे पाण्यात हळूहळू विरघळतात, पाणी जड व अल्कधर्मी होते, आणि अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक जाचक ठरतो. म्हणजे थोडा वाटा त्या खड्यांचा असेलही. पण बंडीवाल्याला आम्ही नुसती ‘रेती’ सांगितली होती. त्याने घराला लावतात ती चांगली रेती आणली. वैनगंगेच्या पूर्वेस, गडचिरोलीकडे, जुना ग्रॅनाइटी खडक आहे. तिकडच्या ओढ्यांची रेती बहुधा गारगोटीची, ती व्हिनेगरला दाद देत नाही. काचपेटीला ती उत्तम.

ज्यांना पेटी ठेवावयाची असेल त्यांना एवढेच सांगतो. दाणा ज्वारीहून बारीक पण पिठासारखा नसावा. फार बारीक रेती दडपून बसते, तिच्या पोटात पाणी फिरत नाही आणि तळ सडतो. धारदार कण नसावेत, कारण तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात. कोळशाच्या सायडिंगजवळची, कारखान्याच्या नाल्याखालची, सिमेंट सांडलेल्या ढिगातली रेती घेऊ नये. बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवावी, आणि ओलीच हाताळावी. कोरडी चाळू नये. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. १९३० नंतर अमेरिकेत हॉक्स नेस्ट येथील बोगद्यात शेकडो मजूर त्या धुळीने मेले, आणि आपल्याकडेही सिलिकोसिस हा कायद्याने नोंद करावयाचा रोग आहे. माशासाठी रेती निवडताना ती निवडणाऱ्याचा विचार पुस्तकांतून क्वचितच येतो. एकदा वस्ती बसली की सगळी रेती एकदम क्लोरिनच्या पाण्याने धुऊ नये, नाहीतर श्लोसिंगचे वीस दिवस पुन्हा मोजावे लागतील.

दुसऱ्या खेपेस आम्ही पेटीत प्रथम वनस्पती लावल्या, महिनाभर थांबलो, मग दोनच मासे सोडले. ते जगले.

बंडीवाल्याचे घर मी शोधीत गेलो, तोवर बैल विकून तो वीटभट्टीवर लागला होता. मी दोन टोकऱ्यांचे पैसे पुढे केले. त्याने ते मोजून खिशात टाकले आणि मला शांतपणे समजावून दिले की टोकऱ्या दोन नव्हे, तीन होत्या. तिसरी आमच्याच माणसाने दारातील खड्डा बुजवावयास उतरवून घेतली होती. कचेरीत परत येऊन पाहिले. खड्डा बुजलेला होता.