कै. बाळासाहेब खेर आणि आपला ठाणे जिल्हा

आपल्या ज्ञातीतील थोर पुरुषांची नामावळी सांगताना कऱ्हाडे मंडळी कै. बाळासाहेब खेर यांचे नाव अभिमानाने घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आम्हां रहिवाशांचा त्यांच्याशी ज्ञातीपलीकडचाही एक ऋणानुबंध आहे. त्याचे स्मरण तरुण पिढीला करून द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

बाळ गंगाधर खेर यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. बालपण जमखंडी संस्थानातील कुंदगोळ येथे गेले. पुढे पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल व मुंबईचे विल्सन कॉलेज येथे शिक्षण झाले. संस्कृतात ते निष्णात होते. कायद्याचा अभ्यास करून ते सॉलिसिटर झाले व त्यांच्या पेढीचा मुंबईत उत्तम जम बसला. असे असता सत्याग्रहात उतरून त्यांनी १९३० व १९३२ साली कारावास पत्करला. घरचा कर्ता पुरुष तुरुंगात जातो तेव्हा शिक्षा एकट्याला होत नसते, हे आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको.

जुलै १९३७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे मुख्य मंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी वारली तरुण आपल्या पत्नीसह सावकाराच्या दारी राबे; त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९३९ साली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. अधिकार गेला, तरी बाळासाहेबांनी हा प्रश्न सोडला नाही; १९४० साली त्यांनी याच जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ स्थापिले.

१९४६ ते १९५२ या दुसऱ्या कारकीर्दीत १९४८ चा कूळकायदा झाला व १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले. तथापि गौरव करताना सत्य झाकू नये. गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध उठलेल्या वारल्यांच्या लढ्याशी याच सरकारचा संघर्ष झाला आणि १९४६ साली त्या नेत्यांना जिल्हाबंदी झाली. गांजलेल्यांना सेवेने वर आणावे, ही बाळासाहेबांची श्रद्धा. त्यांनी संघटित होऊन हक्क घ्यावेत, ही परुळेकरांची. सेवेची हक्काशी गाठ पडली, तेव्हा सत्तेने कायदा व सुव्यवस्थेचा पक्ष घेतला, असे आमचे नम्र मत आहे.

पुढे इंग्लंडमध्ये भारताचे हायकमिशनर व १९५५ च्या राजभाषा आयोगाचे अध्यक्ष होऊन ८ मार्च १९५७ रोजी ते निवर्तले. २०१४ साली डहाणू, तलासरी हे तालुके पालघर जिल्ह्यात गेले. पण शहापूर व मुरबाडचे पाडे आजही आपल्या शेजारीच आहेत. ज्ञातीच्या मुलांना आपण शिष्यवृत्त्या देतो, ते कर्तव्यच होय. मात्र बाळासाहेबांचे नाव घ्यावयाचे, तर त्यातील एखादी या पाड्यांवरील मुलासाठी राखून ठेवावी, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.