एक आवर्तन मागे

२०२०च्या गणपतीत आमच्या घरची आरती पहिल्यांदाच तीन ठिकाणांहून एकदम झाली. म्हणजे, व्हायची होती. सांगलीत आई-बाबा आणि लॉकडाऊनमुळे तिथेच अडकलेला मी, पुण्यात आत्या, आणि कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला माझा चुलतभाऊ. (घरचे वाचक ओळखतीलच. त्याला इथे नुसतं दादा म्हणतो.) आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्याच्याकडे सकाळचे सात. व्हिडिओ कॉलवर सगळे जमले, बाबांनी पेटीवर सूर दिला, टाळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळा विचका. आत्याची टाळी आमच्या मागे, दादाची आत्याच्या मागे. आम्ही त्यांच्यासाठी थांबायचो, ते आमच्यासाठी. आरती संथ होत होत जवळजवळ थांबलीच. शेवटी सगळ्यांचे माइक बंद केले आणि बाबांनी एकट्यांनी म्हटली. बाकीचे आपापल्या घरात, कुणालाही ऐकू न जाता.

त्या रात्री मी वाचत बसलो (दुसरं काम काय होतं म्हणा). तेव्हा कळलं की आमच्या आरतीचं जे झालं ते स्टॅनफर्डमध्ये २००४च्या सुमाराला चक्क मोजून झालंय. ख्रिस चाफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघादोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि एकत्र टाळ्या वाजवायला सांगितलं. मधे मुद्दाम विलंब घातला. तो साधारण साडेअकरा मिलिसेकंदांच्या वर गेला की लय पडायला लागते, जितका जास्त तितकी जोरात. गंमत म्हणजे विलंब त्याहून कमी असेल तर लय किंचित चढते! आवाज हवेतून साडेअकरा मिलिसेकंदांत चारेक मीटर जातो. म्हणजे आपल्या दिवाणखान्याएवढं अंतर. माणसाची लय त्या अंतराला सरावलेली असावी, असं मला उगाच वाटून गेलं.

आता सांगली ते फ्रीमाँट. तेरा हजार किलोमीटरच्या वरचं अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबल अगदी सरळ रेषेत टाकली तरी एका बाजूने ६५ मिलिसेकंद लागणारच. त्यावर केबलीची वळणं, आवाज दाबून पुन्हा मोकळा करणं, हे सगळं वेगळं. कितीही पैसे मोजून वेगवान इंटरनेट घ्या, यातला प्रकाशाचा वाटा कमी होत नाही.

म्हणूनच नेटवरून एकत्र संगीत करणाऱ्यांनी बरीच वर्षं एकदम वाजवण्याचा नादच सोडला होता. त्यांचा रस्ता होता पाळीपाळीने वाजवण्याचा. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने अमिगा संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' लिहिला. त्यातून मॉड नावाच्या फायली जन्माला आल्या. या फाइलीत नुसतं गाणं नसायचं. त्यातल्या वाद्यांचे नमुने आणि कुठला सूर कधी वाजवायचा याची लिपी, दोन्ही आत उघडं ठेवलेलं. ज्याच्याकडे फाइल त्याच्याकडे सगळी कृती. युरोपातली पोरं या फायली फ्लॉपीवर घालून पोस्टाने पाठवायची, पुढे मोडेमवरून. एकाने ढोलाचा नमुना उचलायचा, दुसऱ्याने त्यावर चाल बांधायची. वाद्यांच्या नावांसाठी ज्या ओळी होत्या त्यांत नावांऐवजी मित्रांना नमस्कार आणि निरोप लिहायचे. १९९६पासून या फायलींचा एक मोठा संग्रह नेटवर जमत गेला, तो आजही आहे.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे भातखंड्यांचंच काम की." मी आधी हसलो, पण मुद्दा अगदीच चुकीचा नाही. उस्ताद लोक चीज ओठाबाहेर काढायला तयार नसत तेव्हा भातखंड्यांनी त्या गोळा करून स्वरलिपीत लिहिल्या, आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. फरक इतकाच की या पोरांवर मनधरणीची वेळ आली नाही. फाइलच उघडी होती!

नोव्हेंबर २००४मध्ये 'सीसी मिक्स्टर' सुरू झालं, क्रिएटिव्ह कॉमन्सवाल्यांचं. त्याच महिन्यात 'वायर्ड' मासिकाने अंकासोबत १६ गाण्यांची सीडी वाटली होती, ऐका, वाटा, तोडा-जोडा अशा परवानगीसह. त्यात गिल्बेर्तो गिल यांचंही एक गाणं होतं, आणि तेव्हा ते ब्राझीलचे संस्कृतिमंत्री होते. (आपल्या एखाद्या मंत्र्याची कल्पना करून बघा. असो.) मिक्स्टरवर कुणी नुसता गळा ठेवायचा, दुसरा कुणी त्याखाली वाद्यं भरायचा, तिसरा त्या दोघांचं घेऊन भलतंच काही करायचा. आणि प्रत्येक गाण्यापाशी ते कुणाकुणापासून आलं त्याची नोंद. वंशावळच ती.

पण हे सगळं पत्रव्यवहारासारखं. एकत्र बसून वाजवणं नव्हे. ते जमवलं जस्टिन फ्रँकेलने. 'विनॅम्प' आठवतंय ना? तोच माणूस. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी २००५मध्ये 'निंजॅम' काढलं, तेही फुकट आणि उघड्या कोडसह. विलंब कमी होत नाही ना, मग वाढवू या, असा उलटा विचार. मिनिटाला किती मात्रा आणि किती मात्रांचा एक फेरा, हे आधी ठरवायचं. तुम्ही या फेऱ्यात जे वाजवाल ते बाकीच्यांना पुढच्या फेऱ्यात ऐकू येईल, बरोबर पहिल्या मात्रेपासून. म्हणजे सगळे एकमेकांच्या एक फेरा मागे, पण तालात!

याचा एक परिणाम मला पचायला वेळ लागला. मी ऐकतो माझं आत्ताचं आणि तुझं मघाचं. तू ऐकतोस तुझं आत्ताचं आणि माझं मघाचं. एकाच मैफिलीत दोघं वेगवेगळं गाणं ऐकत असतात, आणि खरं कुठलं याला उत्तर नाही.

गिटारवाल्यांना याची सवय करावी लागते. आपल्याला? फेरा म्हणजे आवर्तन, पहिली मात्रा म्हणजे सम. आणि दादा लहानपणी सांगलीत तबला शिकलेला, बाबा पेटीवर लेहरा धरणारे. लेहरा दर आवर्तनाला तोच. मग तो एक आवर्तन जुना असला तरी तबलजीला काय कळणार?

पंधरा दिवसांच्या खटपटीनंतर, सर्व्हर दादाने चालवून, पेटीपुढे माझा माइक ठेवून, तीनताल लावला. सोळा मात्रा, मिनिटाला ८०, म्हणजे बारा सेकंदांचं आवर्तन. चंद्रकंसातला लेहरा. बाबा आधी वैतागले, कारण लय हळूहळू चढवता येईना. आकडा बदलला की पुढच्या समेपासून एकदम उडी. मग दादाने एक तिहाई घेतली आणि समेवर आला. आमच्याकडे ती बारा सेकंदांनी पोचली. बाबांनी मान हलवून "वा!" म्हटलं. ते "वा" दादाला आणखी बारा सेकंदांनी मिळालं, तोवर तो दुसऱ्याच कायद्यात शिरलेला. फोनवर म्हणाला, "काका, दाद उशिरा आली, पण समेवर आली."

दादाच्या मशिनवर त्याला जसं ऐकू आलं तसं रेकॉर्ड झालं होतं. त्याचं म्हणणं, हे मोकळं ठेवू, रियाज करणाऱ्या पोरांना लेहरा मिळेल. बाबा गप्प. तो लेहरा त्यांच्या गुरुजींनी बांधलेला, आणि गुरुजी गेल्याला वीस वर्षं झाली. "त्यांचं मी कोण वाटणार?" म्हणाले. दादा चिडला, म्हणाला की पेटीत कोंडून ठेवून तो तुमच्याबरोबरच जाणार. हे त्याने बोलायला नको होतं. आठवडाभर दोघं बोलले नाहीत.

मग एका सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "तो परवाना म्हणतोस, त्यात नाव लिहावंच लागतं का?" मी म्हटलं, या प्रकारात हो, घेणाऱ्याने नाव द्यायलाच हवं, आणि धंद्यासाठी नको अशीही अट घालता येते. "मग आधी गुरुजींचं नाव, मग पोराचं, मग माझं." तसं लिहून आम्ही ते नेटवर ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी त्याखाली चेलो वाजवून परत मांडलं. कोण, कुठला, माहीत नाही. खाली तिन्ही नावं होती. बाबांनी अक्षरं मोठी करायला लावून वाचली आणि म्हणाले, गुरुजींचं स्पेलिंग चुकलंय. ती चूक माझी होती, त्याने इमानदारीत जशीच्या तशी उतरवलेली. मी आमच्याकडे दुरुस्त केलं, तिकडे ते तसंच आहे.

त्या चेलोवाल्याने बाबांचं "वा" काढून टाकलेलं नाही. दोन आवर्तनं उशिरा, जिथे काहीच घडत नाही तिथे ते येतं, आणि त्याने बरोबर तिथेच चेलो एक मात्रा थांबवलाय.