घरगुती जमीन-सफाईची साधने, पुणे शहरातील

घरातील जमिनीवर साचणारी धूळ, केर व चिकट मळ काढून टाकण्यासाठी वापरली जाणारी हत्यारे व यंत्रे यांचा समावेश जमीन-सफाईच्या साधनांत होतो. केरसुणी, खराटा व पोतेरे यांपासून बॅटरीवर चालणारे बिनवायरचे व्हॅक्यूम क्लीनर आणि ओल्या सफाईची यंत्रे यांपर्यंत या साधनांचा विस्तार आहे. पुणे शहरात सु. शंभर-सव्वाशे वर्षांच्या अवधीत घरातील जमीन मातीची दगडी झाली, दगडाची सिमेंटी झाली आणि पुढे तकतकीत लाद्यांची झाली. साधने या बदलामागोमाग बदलत गेली. जमीन कशाची आहे यावरून साधन ठरते आणि ते कोणाच्या हाती असते यावरून त्याची खरी उपयुक्तता ठरते, हे सूत्र या इतिहासात सर्वत्र आढळते. आज घरासाठी यंत्र निवडतानाही तेच उपयोगी पडते.

सारवलेली जमीन : कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण इ. पेठांतील जुने वाडे सागवानी खांब व तुळया, विटा आणि माती यांचे असत. वाड्याच्या चौकात दगडी फरसबंदी असली, तरी राहत्या खोल्यांची जमीन बहुधा धुमसाने चोपून घट्ट केलेल्या मातीची असे. अशी जमीन पाण्याने धुता येत नाही, कारण पाणी पडताच तिचा चिखल होतो. म्हणून ती शेणकाल्याने सारवीत. सारवणाचा पातळ थर सुटी माती धरून ठेवतो व जमिनीच्या बारीक भेगा बुजवितो. म्हणजे येथे सफाई ही मळ काढून टाकण्याची क्रिया नसून जमिनीला नवा पृष्ठभाग देण्याची क्रिया होती. स्वयंपाकघरात जेवणानंतर उष्टे काढून त्या जागेवर शेणाचे पोतेरे फिरवीत. अंगणात सडा घालीत.

घरात केर काढण्यासाठी शिंदीच्या पानांची केरसुणी आणि अंगणासाठी नारळाच्या हिरांचा खराटा वापरीत. केरसुण्या व दोर तयार करण्याचा व्यवसाय परंपरेने मुख्यतः मातंग समाजाकडे होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिची लक्ष्मी म्हणून पूजा करण्याची चाल महाराष्ट्रात रूढ आहे. साधनाला हा मान मिळाला, तरी ते तयार करणाऱ्या समाजाला मात्र तो मिळाला नाही; अस्पृश्यतेचे चटके त्याला सोसावे लागले. या साधनांच्या इतिहासातील ही विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे.

प्लेग व घराची जमीन : १८९७ च्या प्लेगच्या साथीत घरातील जमीन हा सरकारी चिंतेचा विषय बनला. रोगाचे विष घरातील घाणीत व मातीत राहते, असा तेव्हा समज होता. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिपत्याखालील समितीने सैनिकांकरवी घरांची झडती घेतली, सामान बाहेर काढले आणि निर्जंतुकीकरण व चुनकाम करविले. या कारवाईतील जुलूमजबरदस्तीमुळे शहरात तीव्र असंतोष पसरला आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच वैद्याने पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, दाखवून दिले. घरातील स्वच्छता बाहेरून लादता येत नाही. तिची रीत घरात राहणाऱ्यांना पटावी व झेपावी लागते, असा या घटनांचा इत्यर्थ सांगता येईल.

शहाबादी व मोझॅइक फरशी : मुंबई–पुणे–सोलापूर–रायचूर लोहमार्गावर शहाबाद हे ठाणे आहे. त्या परिसरातील करड्या चुनखडकाच्या लाद्या रेल्वेने पुण्यात सुलभतेने येऊ लागल्या आणि ‘शहाबादी फरशी’ हा शब्द घरोघर रुळला. पुढे सिमेंट व संगमरवराचे तुकडे यांपासून केलेल्या मोझॅइक लाद्या प्रचारात आल्या. मुंबई येथे १९२२ मध्ये स्थापन झालेली भारत फ्लोअरिंग्ज ही सिमेंटच्या लाद्या बनविणाऱ्या आरंभीच्या भारतीय कारखान्यांपैकी एक होय. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक जुने वाडे जमीनदोस्त झाले. त्यानंतर शहराच्या नव्या भागांत सहकारी गृहरचना संस्थांच्या व सदनिकांच्या इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. त्यांत माती-शेणाच्या जमिनीला स्थान उरले नाही.

फरशी धुता येते. त्यामुळे सारवणाच्या जागी रोज केर काढून ओल्या फडक्याने पुसण्याची पद्धत आली. बादली, जुन्या कापडाचे फडके व फिनेल ही त्याची साधने होत. मातीच्या जमिनीवर न दिसणारा डाग गुळगुळीत फरशीवर लगेच दिसतो. त्यामुळे स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि उकिडवे बसून फरशी पुसण्याचे काम नित्याचे झाले. ‘धुणे-भांडी’ याप्रमाणेच ‘केर-फरशी’ हे मोलाने करून घ्यावयाचे स्वतंत्र काम ठरले.

मोलकरणींचा लढा : हे काम प्रामुख्याने वस्त्यांत राहणाऱ्या गरीब स्त्रिया करीत आल्या आहेत. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी काम बंद ठेवून वेतनवाढ, पगारी सुट्टी इ. मागण्या मांडल्या. या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरकाम हेही काम असून ते करणारी स्त्री कामगार आहे, ही भूमिका या चळवळीने समाजापुढे ठेवली. महाराष्ट्र विधिमंडळाने घरेलू कामगार कल्याण मंडळाविषयीचा कायदा २००८ मध्ये संमत केला. घरात यंत्र आणण्याचा विचार करताना हा इतिहास दृष्टीआड करता येत नाही.

व्हॅक्यूम क्लीनर : पंख्याने हवेचा दाब कमी करून हवेबरोबर धूळ ओढून घेणे व गाळणीने ती अडविणे, हे या यंत्राचे तत्त्व होय. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ मध्ये असे यंत्र तयार केले. ते घोडागाडीवरून नेत आणि रस्त्यावर उभे करून लांब नळ्या घरात सोडीत. अमेरिकेत जेम्स मरी स्पँगलर याने हाताने ढकलता येणाऱ्या विजेच्या यंत्राचे एकस्व १९०८ मध्ये घेतले व ते हूव्हर कुटुंबाच्या उद्योगाकडे गेले. थंड प्रदेशांतील घरांत जमिनीवर गालिचे अंथरलेले असतात. ते पाण्याने पुसता येत नाहीत, म्हणून तेथे हे यंत्र रुजले.

भारतात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्स या कंपनीने दारोदार प्रात्यक्षिक दाखवून व्हॅक्यूम क्लीनर मध्यमवर्गीय घरांत पोहोचविला. पुण्यातील उघड्या फरशीला मात्र त्याची रोजची गरज नव्हती. झाडूने होणारे काम तो करी, पण पुसण्याचे काम शिल्लकच राही. त्यामुळे गाद्या, सोफा, पडदे व जाळीजळमटे यांच्यासाठी, विशेषतः दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत, तो वापरात राहिला आणि एरवी माळ्यावर पडून राहिला. यंत्रात दोष नव्हता; ते वेगळ्या जमिनीसाठी घडविलेले होते.

बिनवायरची व ओल्या सफाईची यंत्रे : १९७९ मध्ये अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीचा डस्टबस्टर हा बॅटरीवर चालणारा छोटा क्लीनर बाजारात आला. त्यातील बॅटरीची शक्ती मर्यादित होती. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरीचे व्यापारी उत्पादन सुरू झाल्यानंतर हलक्या वजनात अधिक ऊर्जा साठविणे शक्य झाले आणि पुढील काळात उभ्या दांड्याचे बिनवायरचे क्लीनर प्रचारात आले. ओल्या सफाईच्या यंत्रात फिरते मऊ रूळ, स्वच्छ पाण्याची टाकी व मळलेल्या पाण्याची टाकी असे मुख्य भाग असतात. रूळ ओला होऊन फरशी घासतो व मळलेले पाणी लगेच वेगळ्या टाकीत ओढले जाते. बादलीतील तेच गढूळ पाणी पुन्हा फरशीवर फिरत नाही, हा याचा मुख्य लाभ होय. उघड्या फरशीच्या पुणेरी घराला कोरड्या क्लीनरपेक्षा हे यंत्र अधिक जवळचे आहे.

मार्च २०२० मध्ये कोव्हिडच्या साथीमुळे टाळेबंदी सुरू झाल्यावर गृहसंकुलांत मोलकरणींना प्रवेश मिळेना. अनेकींची कमाई बुडाली आणि त्याच काळात अशा यंत्रांना मागणी वाढली. एकाच घटनेचे हे दोन परिणाम एकत्र पाहिले पाहिजेत.

निवड : यंत्र निवडताना प्रथम जमीन पाहावी. व्हिट्रिफाइड, मोझॅइक वा संगमरवरी गुळगुळीत फरशीला ओल्या सफाईचे यंत्र चांगले लागू पडते. शहाबादी फरशी खडबडीत असून तिचे सांधे खोलगट असतात; त्यांत पाणी साचून राहते. अशा घरात सांध्यांतील धूळ ओढण्यास कोरडा क्लीनर व पुसण्यास फडके हीच जोडी बरी. सतरंज्या, गालिचे, गाद्या किंवा पाळीव प्राण्यांचे केस असतील, तर कोरड्या क्लीनरची गरज वाढते. कोरड्या क्लीनरने पाणी कधीही ओढू नये. मोटर बिघडते व विजेचा धक्का बसण्याचा संभव असतो. रांगोळीची पूड व पीठ यांमुळे गाळणी लवकर तुंबते, तर उदबत्तीच्या धगधगत्या राखेने आतील केराला आग लागू शकते. हे पदार्थ झाडूने काढणेच योग्य.

दुसरी बाब धुळीची. पुण्यात उन्हाळ्यात रस्त्यांची व बांधकामांची बारीक धूळ घरात येते, तर पावसाळ्यात चिखलाचे पाय उमटतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या घरी ‘हेपा’ प्रकारची गाळणी असलेले यंत्र घ्यावे. ही गाळणी ०·३ मायक्रॉन आकाराचे सु. ९९·९७ टक्के कण अडविते. मात्र यंत्राच्या सांध्यांतून हवा गळत असल्यास तिचा उपयोग होत नाही. केवळ वॉटच्या आकड्यावरून ओढ ठरवू नये, कारण तो आकडा यंत्र किती वीज घेते हे सांगतो, किती धूळ ओढते हे सांगत नाही.

तिसरी बाब बॅटरीची. जाहिरातीत दिलेली मिनिटे बहुधा सर्वांत कमी ओढीवरची असतात. पूर्ण ओढीवर ती पुष्कळच कमी होतात. काही शे वेळा भारित केल्यानंतर बॅटरीची क्षमता घटते, म्हणून ती काढून बदलता येते की नाही व सुटी मिळते की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावे. निकामी बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नये. ती दाबली गेल्यास पेट घेते व कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला इजा होते. तिच्या संकलनाची जबाबदारी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

चौथी बाब पाण्याची. ओल्या यंत्राची टाकी सामान्यतः एक लिटरहून लहान असते. पाणीटंचाईच्या दिवसांत ही बचत मोलाची ठरते. परंतु बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड असल्यास त्यातील क्षार नळ्यांत साचतात. अशा ठिकाणी गाळलेले मऊ पाणी वापरावे. काम संपताच मळके पाणी ओतून रूळ धुऊन वाळवावा, अन्यथा त्याला कुबट वास येतो.

शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची बाब वापरणाऱ्या व्यक्तीची आहे. बिनवायरचा क्लीनर सु. २ ते ३ किग्रॅ. व ओले यंत्र सु. ४ ते ५ किग्रॅ. वजनाचे असते. वृद्ध व्यक्तीला किंवा मोलकरणीला ते पेलते का, दिवाणाखाली आडवे जाते का, हे हाती धरून पाहावे. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार विदुषीने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, घरगुती यंत्रांमुळे अमेरिकेतील गृहिणींचे काम घटले नाही. स्वच्छतेची अपेक्षा वाढून ते नव्या रूपाने परत आले. पुण्यातही यंत्र धुणे, भारित करणे व दुरुस्तीस नेणे ही नवी कामे कोणाला तरी करावीच लागतात. ती घरातील सर्वांनी वाटून घेतली आणि मोलाने काम करणाऱ्या स्त्रीला यंत्र शिकवून तिचे वेतन कायम ठेवले, तर उकिडवे बसण्याचे कष्ट खरोखर वाचतात. तसे होणार नसेल, तर लांब दांड्याचे पुसणे व पिळण्याची सोय असलेली बादली अल्प खर्चात तेच साधते. पुष्कळ घरांना तेवढे पुरते.