एस्कोरियलच्या भिंती

माद्रिदच्या वायव्येस, ग्वादारामा पर्वताच्या पायथ्याशीं एस्कोरियल उभा आहे. म्हणावयाचा मठ, पण तोच राजवाडा, तोच ग्रंथसंग्रह आणि तेंच राजांचें दफनस्थान. १० ऑगस्ट १५५७ रोजीं, संत लॉरेन्सच्या सणाच्या दिवशीं, स्पेनच्या सैन्यानें सेंट क्वेंटिन येथें फ्रेंचांस हरविलें. दुसऱ्या फिलिप राजानें १५६३ ते १५८४ या काळांत त्या संताच्या नांवें हा मठ बांधविला.

संतास लोखंडी जाळीवर भाजून मारिलें, अशी कथा आहे. आराखडाही जाळीसारखाच : आंत चौकांमागून चौक, कोपऱ्यांवरील चार मनोरे हे पाय, आणि पूर्वेस पुढें आलेला राजनिवास ही मूठ. हा अर्थ लोकप्रिय आहे. मला तो अपुरा वाटतो. महाद्वारावर जाळी घेतलेला संत आहे खरा. पण आंतील चौकांत शिरतांच देवालयाच्या दर्शनी भागावर यहूदाच्या राजांचे सहा पुतळे दिसतात, आणि मध्यभागीं दाविद व शलमोन. पिता लढवय्या, पुत्र मंदिर बांधणारा! फिलिपचा पिता पांचवा चार्ल्स यानें कित्येक वर्षें मोहिमांत घालविलीं होतीं. १५७४ सालीं त्याचा देह येथेंच आणिला. त्या पुतळ्यांवर याहून निराळें भाष्य कशास हवें?

बाहेरून मात्र यांतलें कांहींच दिसत नाहीं. सुमारें ६८० फूट लांबीची पश्चिमेची भिंत, करडा ग्रॅनाइट, एकसारख्या खिडक्यांच्या रांगा, वर पाटीच्या दगडाचीं छपरें. हुआन दे एरेरा या शिल्पज्ञानें नक्षी जवळजवळ वर्ज्यच केली. कोणास हा तुरुंग वाटतो. मला तो मौनव्रत घेतलेल्या राजासारखा वाटतो. फिलिपनें १५९८ सालीं याच भिंतींच्या आंत देह ठेविला.