धाड पडली, पुढे काय?

आज थोडा इतिहास सांगणार आहे. इतिहास मुंबईचा आणि राज्याचा असला, तरी त्याचा संबंध आपल्या कशेडी घाटाशी आहे. घाटरस्त्याने आणि आता बोगद्याने दिवसरात्र गाड्या मुंबईकडे जातात. बहुतेक जण पोटापाण्यासाठी, नातेवाइकांकडे निघालेले. पण त्यांत एखादी अशी मुलगीही असू शकते, जिला नोकरीचं किंवा लग्नाचं खोटं सांगून नेलं जातंय. अशी गाडी पोलिसांनी अडवली, तर त्या मुलीशी बोलायचं कसं? हे पोलीस कधी आणि कसे शिकले, त्याची ही गोष्ट.

पोलिसांच्या कागदावर या गुन्ह्याला ‘अनैतिक मानवी वाहतूक’ म्हणतात. वाहतूक म्हटलं की आपल्याला एसटी आठवते. साधा अर्थ असा, की फसवून, धमकावून, जबरदस्तीने किंवा पैशाचं आमिष दाखवून माणसाला नेणं आणि त्याच्या शरीरावर, श्रमावर दुसऱ्याने कमावणं.

सुरुवात १९१७ पासून करू. मुंबईत डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अक्कूताई नावाची स्त्री होती. तिने पळून जायचा प्रयत्न केला, म्हणून तिचे हाल हाल करून तिला मारलं गेलं. खटला उभा राहिला. त्याच घरात राहणाऱ्या बायकांनी साक्षी दिल्या आणि मारणाऱ्यांना शिक्षा झाली. शहर हादरलं. १९२१ मध्ये सरकारने समिती नेमली आणि १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसायाविरुद्ध कायदा आला. अक्कूताई जिवंत असताना मात्र तिच्या मदतीला कुणी पोचलं नव्हतं, हे विसरायचं नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यघटनेने कलम २३ मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांवर बंदी घातली. १९५६ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. पण त्यात एक अडचण होती. दलालाला शिक्षा होती, तशी रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईलाही होती. दलाल सापडायला अवघड, बाई समोरच उभी. मग पोलीस पकडणार कुणाला? जिला विकलं, तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहायची.

१९८६ मध्ये हा कायदा बदलला. त्यालाच आपण ‘पिटा’ म्हणतो. झडतीच्या वेळी किमान दोन महिला पोलीस सोबत हव्यात, असं त्यात आलं. सोडवलेल्या मुलीची चौकशी महिला पोलिसानेच करायची. ती नसेल, तर मान्यताप्राप्त संस्थेची एखादी स्त्री हजर हवी. पुढची व्यवस्था ठरवताना न्यायदंडाधिकाऱ्यांना पाच प्रतिष्ठित व्यक्तींची मदत घेता येते आणि त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे. म्हणजे कायद्यानेच मान्य केलं की हे काम एकट्या पोलिसाचं नाही.

याच काळात मुंबईत आणखी एक पाऊल पडलं. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. येणाऱ्या बाया बहुतेक घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेऊन यायच्या. कार्यकर्ती त्यांचं ऐकून घ्यायची, तक्रार लिहायला मदत करायची, निवाऱ्याची सोय पाहायची. पोलीस आणि कार्यकर्ती एका छपराखाली आल्यावर दोघंही एकमेकांचं काम शिकली. २००५ पासून राज्य सरकारने ही पद्धत आपली म्हणून चालवायला घेतली.

तरीही मोठा धडा मिळाला तो फेब्रुवारी १९९६ मध्ये. मुंबईत एकाच वेळी धाडी पडल्या आणि चारशेहून जास्त मुली-बायांना बाहेर काढलं. त्यांत नेपाळच्या बऱ्याच होत्या. धाड तासाभराची, पण पुढे? एवढ्या जणींना ठेवायचं कुठे, त्यांची भाषा कोण बोलणार, आजारी असतील त्यांना कोण बघणार, घरी कोण नेणार, याची तयारीच नव्हती. नेपाळ सरकारही त्यांना परत घ्यायला पुढे येईना. कित्येक महिने त्या सुधारगृहांत अडकून पडल्या. शेवटी सामाजिक संस्थांनी शंभरहून जास्त जणींना मायदेशी नेलं. त्यांच्यातल्याच काहींनी ‘शक्ती समूह’ ही संस्था उभी केली. तिच्या संस्थापकांपैकी चारीमाया तामांग त्या धाडीत सुटलेल्या. २०१३ मध्ये या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याला काय हवं, हे सुटलेल्या बाईलाच सगळ्यांत चांगलं कळतं, ते असं.

कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेने पुढे उच्च न्यायालयात दाद मागितली. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलगी अठरा वर्षांखालची आहे का हे आधी ठरवा. असेल, तर ती बालकल्याण समितीपुढे जाईल. आणि दलालाची बाजू मांडणारा वकील त्याच खटल्यात मुलीचा वकील म्हणून उभा राहू शकणार नाही. तोवर सर्रास काय व्हायचं, ते यावरून समजून घ्या.

मग २००६ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांच्या गुन्हेगारीविषयक कार्यालयाने पोलीस आणि सरकारी वकिलांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. प्रशिक्षणातल्या गोष्टी ऐकायला साध्या वाटतात. सुटका झाल्याबरोबर मुलीला आरोपींपासून वेगळं बसवा. तिचं नाव, चेहरा बाहेर येऊ देऊ नका. तिचं लेकरू आत असेल तर ते आणि तिचं सामान सोबत घ्या. तिची भाषा बोलणारं माणूस आणा. पहिल्याच दिवशी ती सगळं सांगेल अशी अपेक्षा धरू नका. घाबरलेली बाई आधी दलालाने पढवलेलंच बोलते. ‘तू इथे का आलीस?’ असं दरडावण्यापेक्षा ‘तुला इथे कुणी आणलं?’ असं विचारलं, की तपासाची दिशा दलालाकडे वळते. याच कार्यक्रमातून तस्करीविरोधी विशेष कक्ष सुरू झाले आणि नंतर ते देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत उभे राहिले.

२०१३ मध्ये दंडसंहितेत या गुन्ह्याची स्पष्ट व्याख्या आली. जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. पोलीस किंवा सरकारी नोकर स्वतःच यात सामील असेल, तर शिक्षा मरेपर्यंत तुरुंगवासाची. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली: सज्ञान स्त्री स्वखुशीने हा व्यवसाय करत असेल, तर पोलिसांनी तिला छळू नये, सन्मानाने वागवावं. म्हणून नीट विचारणं दुप्पट महत्त्वाचं.

आता आपल्या गावाकडे या. आपल्या भागात हा व्यापार दुसऱ्या वेशातही येतो. वाडीवरची कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीला, कोळसाभट्टीला जातात. उचल फिटेपर्यंत निघता येत नसेल, तर ती वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे तक्रार केली, तर चौकशी होते आणि वेठबिगारी ठरल्यावर मुक्तीचा दाखला मिळतो. तो दाखला जपून ठेवायचा, मदत त्यावरच अवलंबून असते.

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत चार गोष्टी पक्क्या करून ठेवा. मूल हरवलं तर ‘चोवीस तास वाट बघा’ हे ऐकून परत यायचं नाही. हरवलेल्या मुलाबाबत अपहरण धरूनच गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. मुलांसाठी १०९८, बायांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२ हे नंबर घराच्या भिंतीवर लिहा. आणि सुटून आलेली मुलगी गावात परतली, तर तिच्या घरी आधी आपण जायचं. पोलिसांना शिकायला इतकी वर्षं लागली. आपल्या पाणवठ्यावर, पारावर तिला काय विचारायचं आणि काय नाही, हे मात्र आपल्यालाच एकमेकींना शिकवावं लागेल.