बीड जिल्ह्यातील जलव्यवस्थापन आणि पिण्याचे पाणी

बीड जिल्हा हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडणारा, वारंवार दुष्काळाला सामोरा जाणारा जिल्हा आहे. सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ होती आणि तिच्यातील सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. पिण्याचे पाणी, शेतीचे पाणी आणि उद्योगाचे पाणी यांची येथील ओढाताण जुनी आहे. सोळाव्या शतकातील खजाना विहिरीपासून अलीकडच्या लोकसहभागातील जलसंधारणापर्यंत या जिल्ह्यात पाणी साठवण्याचे आणि ते पिण्यायोग्य करण्याचे अनेक प्रयत्न झाले. त्यांतील काही टिकले, तर काहींनी नवे प्रश्न निर्माण केले.

भूगोल आणि भूजल

बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे दोन ठळक भाग पडतात. उत्तरेकडे गोदावरीकाठची सखल, काळ्या जमिनीची गंगथडी आहे. गोदावरीला या भागात 'गंगा' म्हणण्याची रीत असल्याने हे नाव पडले. दक्षिणेकडे बालाघाटाचे उंच, उथळ मातीचे पठार आहे. गोदावरी जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. सिंदफणा ही तिची उपनदी असून बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात बालाघाटावर उगम पावते व पुढे लातूर जिल्ह्याकडे जाते. पश्चिमेच्या आष्टी तालुक्यातील पाणी सीना नदीमार्गे भीमेच्या खोऱ्यात उतरते.

जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी वाळूसारखे सर्वत्र मुरत नाही. ते वरच्या झिजलेल्या थरात म्हणजे मुरमात, सच्छिद्र पट्ट्यांत आणि भेगांत साठते. खडकाच्या एकूण घनफळाच्या मानाने ही साठवण साधारणतः १ ते ३ टक्के इतकीच असते. त्यामुळे चांगल्या पावसानंतर उथळ विहिरी लवकर भरतात आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर आटतात. खोलवरच्या कठीण खडकातील भेगांत पाणी लागलेच, तर ते बहुधा दीर्घकाळात साठलेले असते आणि त्याचे पुनर्भरण फार मंद गतीने होते. एका बोअरला पाणी लागले म्हणून शेजारच्या शिवारात लागेलच असे सांगता येत नाही. हातावर नारळ किंवा झाडाची दुबेळकी फांदी धरून पाण्याची जागा दाखवणाऱ्या पाणाड्यांवर आजही अनेक शेतकरी विसंबतात. या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही. कोरड्या गेलेल्या बोअरचा खर्च मात्र कर्जाच्या रूपाने शेतकऱ्याच्या अंगावर राहतो.

ऐतिहासिक व्यवस्था

बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरवर असलेली खजाना विहीर ही जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध जुनी जलव्यवस्था होय. अहमदनगरच्या निजामशाहीतील मुर्तझा निजामशाह (कारकीर्द १५६५–१५८८) याच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवून घेतली. बांधकामाचे श्रेय राजा भास्कर या स्थापत्यकाराला दिले जाते. सरकारी खजिन्यात भरायची रक्कम सलाबतखानाने विहिरीवर खर्च केली आणि विचारणा झाल्यावर खजिना रयतेसाठी जमिनीत पुरला असल्याचे उत्तर दिले, म्हणून तिला हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

विहिरीच्या आतल्या बाजूस भुयारी मार्ग आहेत. जमिनीखालून झिरपणारे पाणी त्यांतून विहिरीत येते आणि बाहेर जाणाऱ्या मार्गाने, कोणत्याही मोटेशिवाय, केवळ उताराच्या बळावर बलगुजार भागातील शेतीकडे वाहते. भुयारी मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले आहेत. गाळ काढणे व हवा खेळती ठेवणे हा त्यांचा उद्देश होता. औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरने बांधलेली नहर आणि बऱ्हाणपूरचा कुंडी भांडारा या व्यवस्थांचे तत्त्वही असेच आहे, परंतु त्या दोन्ही सतराव्या शतकातील, म्हणजे खजाना विहिरीनंतरच्या आहेत.

ही विहीर दुष्काळातही आटत नाही, अशी स्थानिक श्रद्धा आहे. तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण तिच्या रचनेत सापडते. उताराने वाहणाऱ्या व्यवस्थेत मार्गाच्या पातळीवर जेवढे पाणी झिरपून येते तेवढेच बाहेर पडते. त्या पातळीखालचे पाणी उपसण्याची सोयच तिच्यात नाही. विजेच्या पंपाला असे बंधन नसते.

बीड शहरातील कंकालेश्वर मंदिर कुंडाच्या मध्यभागी उभे आहे. जिल्ह्यात अन्यत्रही मंदिरांलगतच्या बारवा व गावविहिरी आढळतात. पिण्याच्या आडाला वेगळे स्थान देण्याची आणि जनावरांचे पाणी निराळे ठेवण्याची प्रथा अनेक गावांत होती. मात्र जातिभेदामुळे सार्वजनिक पाणवठे गावातील सर्वांना खुले नव्हते, हेही या इतिहासाचे अंग आहे.

धरणे आणि पाण्याचे वाटप

पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या प्रकल्पाचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. सिंदफणेवरील माजलगाव धरण हा जायकवाडीच्याच दुसऱ्या टप्प्याचा भाग आहे. बीड शहराला माजलगाव जलाशयातून आणि पाली येथील बिंदुसरा तलावातून पाणी मिळते. मांजरा नदीवरील धरण केज तालुक्यातील धनेगाव येथे आहे व त्यावर लातूर शहरासह बीड जिल्ह्यातील केज, अंबाजोगाई या गावांचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. २०१६च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडल्याने लातूरला मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी पुरवावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली.

परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्राला थंडाव्यासाठी लागणारे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून आणले जाते. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले.

राज्याच्या जलधोरणात पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. प्रत्यक्षात धरणे भरलेली असताना पाणी उसाकडे वळते आणि पिण्याच्या पाण्यासाठीचे आरक्षण उन्हाळा तोंडावर आला की आठवते. बारा ते अठरा महिने शेतात उभ्या राहणाऱ्या या पिकाची पाण्याची गरज सुमारे २,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते, तर जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ७०० मिलिमीटरहून कमी आहे. हा फरक कालव्यातून किंवा भूगर्भातून भरून काढला जातो. याच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात स्थलांतर करतात. बालाघाटावरील कोरडवाहू शेती कुटुंबाला वर्षभर पोसू शकत नाही, हे त्यामागील मुख्य कारण आहे. कमी पाण्यावर येणारी तूर, बाजरी, ज्वारी यांच्याबरोबरच डोंगरउतारावरील सीताफळ हे येथील हवामानाशी जुळणारे पीक आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

जलसंधारण

१९७२च्या दुष्काळात मजुरीसाठी काढलेल्या कामांतून मराठवाड्यात असंख्य पाझर तलाव आणि नालाबांध उभे राहिले. पुढे रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप मिळाले आणि ही कामे सुरू राहिली. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये अंबाजोगाई येथे स्थापन केलेल्या 'मानवलोक' या संस्थेने जिल्ह्यातील गावांत श्रमदानातून पाणलोट विकासाची कामे केली. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या 'वॉटर कप' स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांपैकी अंबाजोगाई हा एक होता. वरूड आणि कोरेगाव हे इतर दोन.

पाणलोटाचे काम 'माथा ते पायथा' या क्रमाने करणे अपेक्षित असते. आधी डोंगरावर सलग समतल चर व झाडोरा, मग उतारावर बांधबंदिस्ती व दगडी बांध आणि शेवटी ओढ्यावर मातीचे किंवा सिमेंटचे बंधारे. वरचे काम न करता खाली बंधारा घातल्यास तो काही पावसाळ्यांतच गाळाने भरतो.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणावर मोठा भर होता. यंत्राने झटपट होणारे आणि फोटोत उठून दिसणारे हे काम लोकप्रिय झाले. परंतु ओढ्याचा तळ मुरमाखाली कठीण खडकापर्यंत खोदल्यास आजूबाजूचा उथळ जलधर उघडा पडतो व विहिरींतील पाणी उलट ओढ्यात उतरते, असा आक्षेप भूजलतज्ज्ञांनी घेतला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि शासनाने जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेततळ्यांबाबतही असाच विरोधाभास दिसतो. पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी कल्पिलेली शेततळी अनेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरून विहीर किंवा बोअरच्या पाण्याने भरली जातात. अशा वेळी भूगर्भातील सामाईक पाणी एका शेतकऱ्याच्या मालकीचे होते आणि त्यातील काही भाग उन्हाने वाफ होऊन उडून जातो.

महाराष्ट्रात १९९३च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे. तरीही त्याहून कितीतरी खोल बोअर सर्रास घेतले जातात. कायद्याऐवजी गावाच्या संमतीने उपशावर मर्यादा घालण्याचे उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे आहे. तेथे ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते आणि सिंचनासाठी बोअर घेण्यास बंदी आहे.

पाण्याची गुणवत्ता आणि शुद्धीकरण

टंचाईच्या काळात पाण्याचे प्रमाण आणि शुद्धता हे प्रश्न एकत्र येतात. शासकीय निकषानुसार टँकरने दरडोई दररोज २० लिटर पाणी पुरवले जाते. हे पाणी बहुधा गावविहिरीत ओतले जाते आणि लोक पोहऱ्याने ते शेंदतात. विहिरीच्या काठावरची घाण, दोर, अनेकांच्या हातांतली भांडी यांमुळे टँकरमध्ये शुद्ध असलेले पाणी घरी पोहोचेपर्यंत दूषित होऊ शकते. पहिल्या पावसानंतर उघड्यावरील मैला विहिरीत वाहून आल्याने अतिसार, कावीळ व विषमज्वराच्या साथी उद्भवतात.

ग्रामपंचायत पातळीवर निर्जंतुकीकरणासाठी ब्लिचिंग पावडर वापरली जाते. गावात ती 'टीसीएल' या नावानेच ओळखली जाते. सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर १,००० लिटर पाण्याला साधारणतः ५ ग्रॅम लागते. ती आधी थोड्या पाण्यात कालवून, निवळी टाकीत ओततात आणि किमान अर्धा तास थांबून मग पाणी सोडतात. उघड्या पोत्यातील किंवा दमट जागेतील पावडरीतील क्लोरीन उडून जातो. अशी पावडर कितीही टाकली तरी उपयोग नसतो. त्यामुळे ऑर्थोटोल्युडीन (ओटी) चाचणी महत्त्वाची ठरते: नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. ही चाचणी टाकीजवळच्या नळापेक्षा गावातील शेवटच्या नळावर करणे अधिक उपयुक्त असते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावा आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू आढळू नयेत.

आरोग्य विभागाकडून एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत गावांतील जलस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. गळकी वाहिनी, स्रोताजवळचा उकिरडा, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेले पाणी, टीसीएलचा अपुरा साठा यांची त्यात नोंद होते. जलजीवन मिशनमध्ये (२०१९) दरडोई ५५ लिटर नळपाण्याच्या उद्दिष्टाबरोबरच गावातील पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

घरगुती पातळीवर गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू देणे, दाट कापडाच्या दुहेरी घडीतून गाळणे आणि उकळून झाकून ठेवणे ही साधी पद्धत आहे. तुरटीने आणि गाळण्याने गढूळपणा जातो, जंतू पूर्णपणे जात नाहीत. त्यासाठी उकळणे किंवा क्लोरीन लागतोच. क्लोरीनचे द्रावण थेंबांच्या स्वरूपात, मेडिक्लोरसारख्या बाटल्यांतून मिळते. इंधन नसेल तर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत निवळ पाणी भरून ते कडक उन्हात किमान सहा तास ठेवता येते. शुद्ध केलेल्या माठात पेला बुडवण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे वापरल्यास पाणी पुन्हा दूषित होण्याची शक्यता बरीच कमी होते.

रासायनिक दोषांवर मात्र हे उपाय चालत नाहीत. मानकानुसार नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, तर फ्लोराईडची १ मिलिग्रॅम (पर्यायी स्रोत नसल्यास १.५) आहे. नायट्रेट खतांतून, शेणाच्या उकिरड्यांतून आणि शोषखड्ड्यांतून झिरपते. त्याचा धोका तान्ह्या बाळांना सर्वाधिक असतो. फ्लोराईड खडकातूनच येते आणि खोल बोअरमध्ये त्याचे प्रमाण वाढण्याची शक्यता असते. पाणी उकळल्याने हे क्षार कमी न होता, पाणी आटल्यामुळे उलट अधिक तीव्र होतात. फ्लोराईड काढण्यासाठी नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी व चुन्यावर आधारित 'नालगोंडा तंत्र' विकसित केले आहे. गावोगावी दिसणारी आरओ यंत्रे क्षार काढतात, पण शुद्ध पाण्याबरोबर मोठ्या प्रमाणात क्षारयुक्त पाणी बाहेर टाकतात. ते गटारात न सोडता धुण्याभांड्यांसाठी वापरणे शक्य असते. बोअरचे पाणी अशा रीतीने जारमध्ये भरून विकणे हा टंचाईग्रस्त गावांतही चालणारा व्यवसाय झाला असून, ज्या कुटुंबांना जार परवडत नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक नळ व गावविहीर हाच स्रोत उरतो.